हौदा आणि टाकी: फिरत्या स्वयंपाकघराची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये 'कॅम्पर' म्हटलं की डोळ्यांसमोर येते डबल केबिनची बोलेरो पिकअप. पुढे पाच माणसं, मागे उघडा हौदा, त्यात कांद्याच्या गोण्या नाहीतर द्राक्षाचे क्रेट. अमेरिकेत ट्रक कॅम्पर म्हणतात ती गाडी वेगळी. पिकअपच्या हौद्यावर बसवलेली छोटी खोली, आत झोपायला फळी, शेगडी, फ्रिज, हीटर, आणि हे सगळं चालवायला प्रोपेनची टाकी. अशा गाड्या आपल्याकडे विरळा. पण ज्या गाडीत झोपायचं तिच्यातच रांधायचं, हे आपल्याला नवं नाही. निवृत्तीनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर करत नगरच्या वाटेने पंढरपूरला जाते, तेव्हा दिंड्यांमागे ट्रक चालतात. हौद्यात खाली शिधा आणि भांडी, वर वळकट्या, त्यावर ताडपत्री. थकलेली म्हातारी माणसं रात्री तिथेच अंग टाकतात. आणि एका कोपऱ्यात असते गॅसची टाकी.

काही वर्षांपूर्वी पळशाच्या मुक्कामी मी अशाच एका ट्रकपाशी होतो. दुपारपासून झड लागलेली, म्हणून फाळका लावून ताडपत्री खालपर्यंत आवळून बांधली होती. आतून एक मावशी म्हणाल्या, "माऊली, ती कोबीची गोणी बघा बरं, सडलीय वाटतं." गोणी उघडली तर कोबी ताजा. वास टाकीचा होता. टाकी वळकट्यांखाली आडवी पडलेली, आणि सकाळी निघताना रेग्युलेटर काढायचा राहून गेलेला. हरिपाठाची वेळ झाली होती, समई लावायला एकाने काडेपेटी हातात घेतली होती. ड्रायव्हरकाकांनी ती त्याच्या हातातून ओढून घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत न बसता आधी मागचा फाळका पाडला. "वरून नाही जायचा तो," एवढंच म्हणाले.

काकांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. आपल्या घरगुती टाकीत या दोन्हींचं मिश्रण असतं. गळलेला गॅस धुरासारखा वर न जाता पाण्यासारखा खाली उतरतो, तळाशी पसरतो आणि वाट मिळाली नाही तर तिथेच थांबतो. तिन्ही बाजूंनी पत्रा, मागे फाळका, खाली अखंड तळ, असा ट्रकचा हौदा मग खरोखर हौदाचंच काम करतो. हवेत साधारण 2 टक्के गॅस मिसळला की ठिणगी पुरते. साध्या पिकअपचा हौदा घ्या, 9 फूट लांब, साडेपाच फूट रुंद, ताडपत्रीसकट 6 फूट उंच. एवढी सगळी जागा पेटती करायला 400 ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. भरलेल्या टाकीत 14.2 किलो असतो. शिवाय तो समान मिसळतच नाही, तळाशी दाट राहतो, म्हणजे जिथे माणसं अंथरूण घालून झोपतात तिथे त्याहून कमीही पुरतो. टाकी आडवी असेल तर तोंडातून वायूऐवजी द्रव बाहेर येतो, आणि तो द्रव वायू होताना अडीचशे पट फुगतो.

या गॅसचा इतिहास सुरू झाला तोही एका मोटारीपासूनच. 1910 साली अमेरिकेच्या खाण खात्यातले रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांच्याकडे तक्रार आली की गाडीच्या टाकीतलं पेट्रोल उडून जातं. त्यांनी उडणारा भाग वेगळा काढून पाहिला, तेव्हा त्यात प्रोपेन आणि ब्युटेन सापडले. जरा दाब दिला की द्रव, दाब काढला की वायू. त्यामुळे वायू बाटलीत भरून गावोगाव नेता येऊ लागला. वाहून नेण्याची सोय हाच याचा जन्मापासूनचा गुण, म्हणून तो फिरत्या गाड्यांत शिरला यात नवल नाही.

त्याला वास मात्र नव्हता. मावशींना सडक्या कोबीचा वाटला तो वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि तो सक्तीचा होण्यामागे फार मोठं दुःख आहे. 18 मार्च 1937 ला टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत जमिनीखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू साचला होता. कोणाला काही कळलं नाही, कारण वासच नव्हता. कार्यशाळेतल्या यंत्राची ठिणगी पडली आणि जवळजवळ 300 मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याचा कायदा झाला आणि ही पद्धत जगभर गेली. आज आपल्या घरात नाक आपल्याला सावध करतं ते त्या मुलांमुळे. पण नाकालाही मर्यादा आहे. तोच वास येत राहिला की नाकाला त्याची सवय होते, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवेलच याचा भरवसा नाही. ट्रकमध्ये तर डिझेल, ओले कपडे, उदबत्ती, भाजीपाला असं सगळंच मिसळलेलं असतं. म्हणून परदेशी कॅम्परमध्ये गॅस ओळखणारं यंत्र अगदी जमिनीलगत बसवतात. छताजवळ लावलेलं यंत्र धुराचं असतं, या कामाला ते उपयोगी नाही.

आपल्याकडे बाटलीबंद गॅस पहिल्यांदा विकायला आला तो 1950च्या दशकात मुंबईत. इंडेनची पहिली जोडणी 1965 साली कोलकात्यात झाली. गाडीवाटेवर मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं रॉकेलचा स्टोव्हच होता. ट्रकचे क्लीनर पंप मारून, पिन घालून तो पेटवायचे, धूर व्हायचा, कधी भडकाही उडायचा. तरी रॉकेल सांडलं तर डोळ्यांना दिसतं, ते हळू उडतं, पुसून टाकता येतं. रॉकेल मिळेनासं झालं तशी स्टोव्हच्या जागी टाकी आली, सवयी मात्र स्टोव्हच्याच राहिल्या. स्टोव्ह गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात आडवा टाकायचो, टाकीही तशीच टाकली गेली. माझ्या मते आपल्याकडच्या धोक्याचं मूळ इथे आहे. वस्तू बदलली, ती वापरायचं शिक्षण सोबत आलं नाही.

पाश्चात्य देशांत कॅराव्हॅन वाढत गेल्या तसे नियमही त्यांच्यासोबत घडत गेले. टाकीसाठी गाडीच्या अंगात वेगळा कप्पा, त्याचं दार बाहेरून उघडणारं, राहत्या भागाशी हवेचा संबंध नाही, आणि तळाला बाहेर जाणारी भोकं. गळला तरी गॅस रस्त्यावर पडावा, अंथरुणात नाही, एवढा साधा विचार. टाकी उभी आणि पट्ट्याने आवळलेली, कारण गाडी हादरते आणि हादऱ्याने जोड सैल होतात. घरातली शेगडी वर्षानुवर्षं जागची हलत नाही. गाडीतली रोज कसारा घाट उतरल्यासारखी हलते.

दुसरा धडा टाकी किती भरायची याचा. द्रव गॅस तापला की बराच फुगतो, म्हणून टाकीत वरची जागा रिकामी सोडावी लागते. अमेरिकेत प्रोपेनची टाकी 80 टक्क्यांपर्यंतच भरतात, आणि 2002 पासून लहान टाक्यांच्या तोंडाशी जास्त भरू न देणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे. ही जागा नसली तर काय होतं ते स्पेनमधल्या लॉस अल्फाकेसने पाहिलं. 11 जुलै 1978 ला समुद्रकाठच्या त्या तळावर कॅराव्हॅन आणि तंबूंतून कुटुंबं सुट्टी घालवत होती. शेजारच्या रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरमध्ये मर्यादेपेक्षा जास्त प्रोपिलीन, म्हणजे प्रोपेनसारखाच द्रवरूप केलेला वायू, भरलेलं होतं. टँकर फुटला आणि 200हून अधिक माणसं गेली.

आपल्याकडे बॉटलिंग प्लांटमध्ये टाकी वजनाने भरतात, त्यामुळे ही रिकामी जागा आपोआप राहते. घोटाळा होतो तो मोठ्या टाकीतून छोटीत गॅस 'मारून' देणाऱ्यांकडे. तिथे वजनकाटा नाही, गळतीची तपासणी नाही. ती गच्च भरलेली छोटी टाकी मग उन्हात उभ्या ट्रकच्या बंद केबिनमध्ये तापत राहते. हे काम बेकायदा आहे, आणि त्याला पर्यायही आहे. 2013 पासून 5 किलोची टाकी पेट्रोल पंपावर रीतसर मिळते. फिरतीवर असलेल्या माणसासाठी तीच योग्य.

गाडीच्या इंधनाच्या बाबतीत आपण हेच एकदा पाहिलं आहे. मारुती व्हॅनमध्ये घरगुती टाक्या लावून गाड्या पळत होत्या. 2000 साली मोटार वाहन कायद्यात बदल होऊन एलपीजीला इंधन म्हणून मान्यता मिळाली आणि वेगळी टाकी, वेगळे व्हॉल्व्ह आले. इंजिनच्या गॅसला नियम मिळाले. गाडीत मागच्या बाजूला शिजवण्याच्या गॅसकडे तेवढं लक्ष गेलं नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण दिंडीचा ट्रक किंवा यात्रेकरूंची भाड्याची बस कॅराव्हॅन म्हणून कुठे नोंदवलेली नसते.

26 ऑगस्ट 2023 ची पहाट या सगळ्याशी थेट जोडलेली आहे. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा रेल्वेचा खासगी डबा मदुराईच्या यार्डात उभा होता. आत नियम मोडून लपवून आणलेली गॅसची टाकी होती आणि चहाची तयारी चालली होती. आग लागली, 9 जण गेले. डबा उभा होता, अपघात झाला नव्हता, कोणी बेफाम चालवत नव्हतं. बंद जागा, टाकी आणि पहाटेचा चहा. मग 19 जानेवारी 2025 ला प्रयागराजच्या महाकुंभात सेक्टर 19 मधले तंबू पेटले, टाक्या फुटल्या. सुदैवाने तिथे कोणी दगावलं नाही.

आता पाळी आपल्या गावाची. 31 ऑक्टोबर 2026 ला सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण आहे आणि 2 ऑगस्ट 2027 ला पहिलं अमृतस्नान. ऑगस्ट म्हणजे नाशिकचा भर पावसाळा. बाहेरगावच्या बसगाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, टेम्पो येतील, पोटात शिधा आणि टाकी घेऊन. पाऊस आला की चूल आत जाईल, काचा लागतील, ताडपत्री खाली येईल. कुडकुडणारी माणसं शेगडी नुसती उबेसाठीही पेटती ठेवतील, आणि बंद जागेत अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, कारण मर्कॅप्टन ज्योतीतच जळून जातं. वाहनतळांवर आग विझवणारे बंब असतीलच. मला वाटतं त्याआधी गाडी आत घेतानाच विचारायला हवं, टाकी कुठे आहे, उभी आहे का, रेग्युलेटर काढलाय का. तीन प्रश्न, प्रत्येक गाडीला. आणि रांधायला तळावरच चारही बाजूंनी मोकळी शेड द्यावी, म्हणजे पावसात टाकी गाडीत न्यायची वेळच येणार नाही.

पळशाच्या त्या ट्रकला पुढच्या वर्षी काकांनी अंबडच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी पिंजरा करून घेतला. हौद्याच्या बाहेर, चासीला बोल्टने आवळलेला, टाकी उभी बसेल एवढा. कारागिराने काम सुबक केलं होतं, चिखल उडू नये म्हणून खाली जाड पत्राही वेल्डिंग करून दिला होता. काकांनी पिंजरा पाहिला, पत्र्यावर बोट वाजवलं आणि ग्राइंडर मागितला. कारागिराला वाटलं कुठे कड टोचतेय. काकांनी तळाचा पत्रा कापून काढला, त्या जागी दोन आडव्या पट्ट्या टाकायला सांगितल्या, आणि पिंजऱ्यातून खालची जमीन दिसते का ते वाकून पाहिलं.