पॉवर ओव्हर इथरनेट

संगणकाच्या नेटवर्कच्या (इथरनेटच्या) केबलमधून माहितीबरोबरच उपकरणाला लागणारी वीजही पुरवण्याची पद्धत. तंत्रज्ञ तिला ‘पीओई’ म्हणतात. सोसायटीच्या गेटवरचे सीसीटीव्ही कॅमेरे, छताला लावलेले वायफायचे अ‍ॅक्सेस पॉइंट, कार्यालयातले आयपी फोन ही उपकरणे बऱ्याचदा अशीच चालतात. त्यांच्याजवळ वेगळा प्लग काढावा लागत नाही.

कल्पना तशी जुनी. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या बोलण्याच्याच दोन तारांवरून फोनला वीज देत. म्हणून घरातली लाईट गेली तरी साधा लँडलाइन फोन चालू राही. पीओईचा दाबही त्याच आसपास, ४४ ते ५७ व्होल्ट असतो. दाब जास्त ठेवला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तार कमी तापते. मात्र ६० व्होल्टच्या आतला एकदिश दाबच सुरक्षित मर्यादेत धरला जातो.

केबलमध्ये पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. जोडीतल्या दोन तारांच्या दाबात जो फरक पडतो, तोच माहितीचा संकेत. वीज ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या मध्यबिंदूतून सोडतात. ती दोन्ही तारांत सारखी वाटली जाते, परतीचा प्रवाह दुसऱ्या जोडीतून येतो. दोन्ही तारांचा दाब सारखाच वाढल्याने त्यांच्यातला फरक बदलत नाही आणि माहितीला विजेचा पत्ताही लागत नाही.

या पद्धतीतली खरी हुशारी वीज देण्याआधीच्या चौकशीत आहे. स्विच, म्हणजे नेटवर्कमधल्या उपकरणांच्या केबली जिथे येऊन जोडल्या जातात ते यंत्र, प्रथम १० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दाब देऊन समोर सुमारे २५ किलोओहमचा रोध आहे का, ते तपासतो. तो आढळला तरच पुढे किती शक्ती लागेल याचा अंदाज घेऊन पूर्ण दाब सोडतो. त्यामुळे त्याच पोर्टला साधा लॅपटॉप जोडला तरी जळत नाही. केबल उपसली की वीज क्षणात बंद होते. बाजारात मिळणारे २४ व्होल्टचे ‘पॅसिव्ह’ इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारी वेगळी डबी, ही चौकशी करत नाहीत. ते स्वस्त असले, तरी कुठल्याही उपकरणाला जोडणे धोक्याचे.

आयईईई या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या अभियंत्यांच्या संस्थेचे पीओईसाठीचे पहिले मानक २००३ साली आले. त्यात स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॉट देतो, पण उपकरणाच्या वाट्याला १२.९५ वॉटच धरले आहेत. हा फरक तारेतल्या नुकसानीचा: २० ओहम रोधातून ०.३५ अँपिअर प्रवाह गेला की २.४५ वॉट उष्णतेत जातात. २००९ च्या मानकाने स्विचची मर्यादा ३० वॉटवर नेली. २०१८ मध्ये चारही जोड्या वापरून ती ९० वॉट झाली, त्यातले ७१.३ वॉट उपकरणापर्यंत पोचतात. अंतराची मर्यादा मात्र इथरनेटचीच, १०० मीटर.

म्हणून केबल अस्सल तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलचा रोध जास्त असतो. त्यामुळे लांबच्या कॅमेऱ्याला दाब कमी पडतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून मागणी वाढली की तो बंद पडू शकतो. मोठ्या इमारतीत एकत्र बांधलेल्या केबलींच्या जुडग्यात मधल्या तारा अधिक तापतात, हेही मांडणी करताना पाहावे लागते. उलट सोय अशी, की एका स्विचला यूपीएस लावला की त्यावरची सगळी उपकरणे वीज गेल्यावरही चालू राहतात.