पाटी फाउंडेशनची, पैसा कुणाचा?

एखादी छोटी संस्था वस्तीत रुग्णसाहित्य केंद्र चालवत असते. वॉकर, कमोडची खुर्ची, वरखाली होणारी खाट न्यायची आणि गरज संपली की परत आणून द्यायची. संस्थेला पैसे हवे असतात. कुणीतरी सांगतं, ‘अहो, फाउंडेशनकडे अर्ज करा.’ मग ज्यांच्या नावात फाउंडेशन आहे अशांची यादी निघते आणि वरचं नाव तेवढं बदलून एकच प्रस्ताव सगळीकडे रवाना होतो. असे प्रस्ताव मी बरेच वाचलेत. काम चांगलं असतं, पत्ता चुकलेला असतो.

गोंधळाचं मूळ नावातच आहे. ‘फाउंडेशन’ म्हटलं म्हणून पैसा कुठून येतो ते कळत नाही. अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि विप्रो फाउंडेशन ही जोडी बघा. पहिलीच्या मागे प्रेमजींची स्वतःची संपत्ती आहे. मार्च २०१९मध्ये त्यांनी आपल्याकडच्या विप्रोच्या आणखी ३४ टक्के शेअर्सचा आर्थिक लाभ समाजकार्यासाठी देऊन टाकला. दुसरी विप्रो कंपनीचं सीएसआरचं, म्हणजे कंपनीने कायद्याप्रमाणे समाजासाठी करायच्या खर्चाचं, काम बघते. टाटांकडेही तसंच. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. सीएसआरचा कायदा तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. टाटांच्या एखाद्या कंपनीचा सीएसआर विभाग हे वेगळं दार आहे.

सीएसआरचा पैसा कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५मधून येतो. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी आधीच्या आर्थिक वर्षात असलं तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. खर्च परिशिष्ट ७मधल्या विषयांवरच करायचा: आरोग्य, शिक्षण, ज्येष्ठांच्या सोयी, पर्यावरण वगैरे. आपलं केंद्र त्यात आरामात बसतं. मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळ्यासारखा एकदाच होणारा कार्यक्रम मात्र बसत नाही. हे सरकारच्या २०१४च्या परिपत्रकातच सांगितलंय, तरी मागणाऱ्यांची रांग काही संपत नाही.

खाजगी फाउंडेशनच्या पैशाला हे परिशिष्ट लागू नाही. कुणाला द्यायचं, कशासाठी, किती वर्षं, हे विश्वस्त ठरवतात. ही मोकळीक अर्जदाराच्या फायद्याची असतेच असं नाही. एखादं फाउंडेशन फक्त बालपोषणावर काम करत असेल, तर तुमच्या खाटा कितीही गरजेच्या असोत, उत्तर नाहीच येणार. काही जण तर स्वतःहून बोलावल्याशिवाय प्रस्ताव घेतच नाहीत.

खरा फरक कळतो तो कॅलेंडर उघडल्यावर. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. पैसा उरला आणि तो चालू, म्हणजे एकाहून जास्त वर्षं चालणाऱ्या, प्रकल्पाचा असेल, तर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्च करावा लागतो. चालू प्रकल्पाचा नसेल, तर सहा महिन्यांत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या सरकारी निधीत भरावा लागतो. म्हणून फेब्रुवारीत एखाद्या सीएसआर अधिकाऱ्याचा अचानक फोन येतो, ‘प्रस्ताव तयार आहे का? उद्यापर्यंत मिळेल?’ त्या घाईत मिळालेले पैसे बहुधा वस्तूंवर जातात, कारण खाटा मार्चच्या आत खरेदी होतात. केंद्र सांभाळणाऱ्या बाईंचा पुढच्या वर्षीचा पगार त्या घाईत बसत नाही. फाउंडेशनकडे अशी मार्चची तलवार सहसा नसते. आधी दोन पानांचं टिपण, मग सविस्तर प्रस्ताव, मग तीन वर्षांचे ताळेबंद, मग भेट. सहा-आठ महिने सहज जातात. त्या बदल्यात दोन-तीन वर्षांचं अनुदान मिळू शकतं, क्वचित संस्थेच्या एकूण खर्चासाठीही. पगाराचा प्रश्न असेल तर मी आधी हेच दार ठोठावेन.

इथेच एका गैरसमजाबद्दल बोललं पाहिजे, कारण त्याने संस्थांचं फार नुकसान होतं. ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो’ असं सर्रास ऐकवलं जातं, आणि संस्था निमूटपणे भाडं, हिशेबनीस, वीजबिल प्रस्तावातून काढून टाकते. ही ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यावर करायच्या खर्चाला आहे. संस्थेने प्रकल्प राबवताना केलेला खर्च त्यात मोजला जात नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१मध्ये तसं स्पष्ट केलंय. एखादी कंपनी स्वतःच्या धोरणाने हात आखडता घेत असेल तर तो तिचा निर्णय, कायद्याचा नव्हे. समोरच्याला हे नम्रपणे दाखवून द्यायला हरकत नाही.

कागदपत्रांत एकच मोठा फरक. सीएसआरसाठी संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी केल्यावर मिळणारा क्रमांक, हवाच, १ एप्रिल २०२१पासून तो सक्तीचा आहे. त्यासाठी आयकराची, सगळे जिला १२ए-८०जी म्हणतात ती, नोंदणी लागते. शिवाय तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. नुसतं धर्मादाय आयुक्तांकडचं प्रमाणपत्र पुरत नाही. नव्या संस्थेने म्हणूनच आधी व्यक्तिगत देणगीदार किंवा फाउंडेशन बघावं. पैसा परदेशी असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही, मग देणारा कितीही उदार असो.

अर्ज करण्याआधी कंपनीची वेबसाइट आणि जुने वार्षिक अहवाल उघडा. मंजूर सीएसआर प्रकल्प वेबसाइटवर द्यावे लागतात; २०२२मध्ये नमुना बदलण्याआधीच्या अहवालांत सीएसआरच्या जोडपत्रात प्रकल्प, जिल्हा, रक्कम आणि राबवणारी संस्था असे तपशीलही असायचे. कंपनीने आपल्या कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो. तेव्हा दोनशे किलोमीटरवरच्या कंपनीपेक्षा शेजारच्या एमआयडीसीतली मध्यम कंपनी बरी. आणि पाटीवरून काहीच कळेना, तर फोनवर सरळ विचारा, ‘हा खर्च कंपनीच्या सीएसआर अहवालात दाखवला जाणार का?’ ‘हो’ म्हणाले, तर सीएसआर-१ क्रमांक प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर टाका. ‘नाही’ म्हणाले, तर त्या पानावर केंद्रातून गेल्या वर्षी किती खाटा बाहेर गेल्या आणि किती घरांना नाही म्हणावं लागलं ते लिहा.