अतिनील किरणांपासून त्वचेचे संरक्षण

सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे त्वचेला होणारी इजा सावली, कपडे, टोपी आणि सनस्क्रीन यांच्या साहाय्याने टाळणे. योहान विल्हेल्म रिटर यांनी १८०१ मध्ये शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. उन्हाची झळ लागते ती मुख्यतः अवरक्त आणि दृश्य किरणांमुळे. त्यामुळे गार वाऱ्यात किंवा उंच डोंगरावरच्या थंडीत त्वचा भाजत असली तरी त्या वेळी काहीच कळत नाही. लाली आणि आग काही तासांनी सुरू होते, तोवर इजा होऊन गेलेली असते.

तरंगलांबीनुसार अतिनील (अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही) किरणांचे तीन प्रकार पडतात. त्यांपैकी यूव्हीसी (१०० ते २८० नॅनोमीटर) वातावरणातील ओझोन आणि ऑक्सिजन शोषून घेतात. यूव्हीबीचा (२८० ते ३१५) बराचसा भागही वरच अडतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा यूव्हीएचा (३१५ ते ४००) असतो. थोडे असले तरी यूव्हीबीच त्वचा भाजण्यास मुख्यत्वे कारणीभूत ठरतात. त्यांच्यामुळे पेशींच्या डीएनएमधील शेजारशेजारचे थायमिन घटक एकमेकांना चिकटतात. पेशी असा बिघडलेला तुकडा कापून दुरुस्त करते. दुरुस्ती राहून गेली, तर त्या पेशीत कर्करोगाचे बीज पडू शकते. यूव्हीए त्वचेत अधिक खोल शिरून त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन तंतू मोडतात, त्यातून अकाली सुरकुत्या पडतात. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ पूर्ण अडवते, यूव्हीए मात्र तिच्यातून बऱ्याच प्रमाणात आत येतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ मध्ये सूर्याच्या प्रारणाचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला.

सावळ्या त्वचेला उन्हाचे भय नाही, हा समज चुकीचा आहे. मेलॅनिन या त्वचेतील रंगद्रव्यामुळे भाजणे आणि कर्करोग यांचा धोका बराच घटतो, पण वांग आणि काळे डाग याच त्वचेवर जास्त उठून दिसतात आणि लवकर जात नाहीत. वांग वाढवण्यात दृश्य प्रकाशाचाही हात असतो. म्हणून अशा रुग्णांना लोहाचे ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते.

ऊन केव्हा टाळावे, हे आपली सावली सांगते. ती उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हा अतिनील किरण तीव्र असतात. यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) ३ किंवा अधिक असल्यास संरक्षण घ्यावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे. विरळ ढगांतून बरेच किरण खाली येतात, दर हजार मीटर उंचीमागे त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि ताजा बर्फ तर सुमारे ८० टक्के किरण परत फेकतो. तिथे हनुवटीखालची त्वचासुद्धा भाजते.

सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे कपडे. कापड उजेडासमोर धरून पाहिल्यास विणीची कल्पना येते. आरपार दिसत असेल, तर किरणही जाणारच. पातळ पांढरा सुती सदरा भिजला की त्याचे संरक्षण आणखी कमी होते. पुढे झाप असलेल्या टोपीने कपाळ झाकते, कान आणि मान उघडीच राहतात. त्यासाठी चहूबाजूंनी रुंद काठ हवा.

सनस्क्रीनवरील एसपीएफ (सन प्रोटेक्शन फॅक्टर) हा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असा उल्लेख पाहावा लागतो. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी किरण अडवते, पण प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून ही मोजणी होते. प्रत्यक्षात बहुतेक लोक त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात, त्यामुळे मोठ्या आकड्यापेक्षा पुरेसा थर महत्त्वाचा. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा घ्याव्यात. दर दोन तासांनी, तसेच पोहल्यावर किंवा घाम पुसल्यावर पुन्हा लावावे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बर येथे १९९२ ते १९९६ दरम्यान झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात स्क्वॅमस पेशींच्या (त्वचेच्या वरच्या थरातील चपट्या पेशींच्या) कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळल्या. बेसल पेशींच्या (त्याच थराच्या तळाशी असलेल्या पेशींच्या) कर्करोगात मात्र तसा फरक दिसला नाही.

सहा महिन्यांखालील बाळांसाठी सनस्क्रीनऐवजी सावली आणि अंगभर कपडे यांवरच भर द्यावा. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही औषधांनी त्वचा उन्हाला फार लवकर भाजते. ती चालू असताना थोड्या वेळासाठी बाहेर पडतानाही अंग झाकावे.