बूट अडकण्याआधीची तयारी

लिनक्स सुरू होताना कामं एकापाठोपाठ एक होतात. फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम) ग्रब या बूटलोडरला शोधतं, ग्रब कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाइलसिस्टिम) मेमरीत चढवतो, त्यातल्या ड्रायव्हरांच्या जोरावर रूट पार्टिशन, म्हणजे मुख्य सिस्टिम असलेला डिस्कचा भाग, जोडलं जातं आणि मग सिस्टमडी हा सेवा सुरू करणारा प्रोग्राम बाकीचं उठवतो. गाडी कुठे अडली ते पडदाच सांगतो. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं, तर ग्रबला स्वतःच्याच फायली सापडत नाहीत. रूट जोडता येत नाही म्हणून कर्नल पॅनिक आला, म्हणजे कर्नल थांबला, तर इनिटरॅमएफएस अर्धवट असण्याची शक्यता मोठी. अपडेटच्या वेळी कर्नल ठेवायचं बूट पार्टिशन भरलेलं असलं की हे होतं. म्हणून जुना, चालणारा एक कर्नल कायम ठेवावा.

सगळ्यात क्षुल्लक चूक एफएसटॅबमधली, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीतली. जादा डिस्क काढून टाकली, पण तिची ओळ तशीच राहिली, की सिस्टमडी सहसा 90 सेकंद वाट पाहून इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या कमांड-पडद्यावर, जातो. उबुंटूसारख्या ठिकाणी रूटचं, म्हणजे प्रशासकाचं, खातं मुळातच कुलूपबंद असतं, त्यामुळे तिथेही हात बांधलेले असू शकतात! अशा डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय आधीच लिहून ठेवावा.

लाइव्ह यूएसबी, म्हणजे जिच्यावरून लिनक्स थेट चालतं अशी पेनड्राइव्ह, तयार करताना इमेजचा शा-256 (फाइल शाबूत असल्याचा ठसा) जुळवावा आणि त्यावरून मशीन एकदा खरंच सुरू करून बघावं. मशीनवरचं लिनक्स यूईएफआय (फर्मवेअरची नवी पद्धत) वापरत असेल, तर ते यूईएफआय पद्धतीनेच सुरू व्हायला हवं. ‘सिस’खालच्या ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ फोल्डर दिसलं नाही, तर जुन्या बायॉस पद्धतीने सुरू झालंय; तिथून बूटची नोंद दुरुस्त होत नाही.

डिस्कचा नकाशा मात्र मशीनबाहेर हवा: ‘एलएसबीएलके’ या डिस्क-यादी देणाऱ्या कमांडचा फाइलसिस्टिमसकट तपशील, एफएसटॅबची प्रत, ‘एसएफडिस्क’ या कमांडने उतरवलेला पार्टिशन तक्ता. डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क-कूटबद्धतेने) कूटबद्ध असेल तर तिच्या हेडरची, म्हणजे किल्ल्या ठेवलेल्या सुरुवातीच्या भागाची, प्रतही. हेडर बिघडला की बरोबर पासवर्डही उपयोगाचा नाही. ही प्रत जपून ठेवा, कारण नंतर पासवर्ड बदलला तरी जुन्या प्रतीवर जुनाच चालतो.

प्रत्यक्ष दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा. आधी रूट, मग बूट, मग ईएफआय पार्टिशन जोडायचं; ‘डेव्ह’, ‘प्रॉक’, ‘सिस’ आणि ‘रन’ ही फोल्डरं लाइव्ह सिस्टिममधून तिथे जोडायची (बाइंड करायची); मगच सीएचरूट, म्हणजे त्या बिघडलेल्या सिस्टिमच्या आत शिरून काम करणं. बूट जोडायचं विसरलात, तर नवा इनिटरॅमएफएस रूटवरच्या रिकाम्या बूट फोल्डरात तयार होतो, एररही दिसेलच असं नाही, आणि रीस्टार्टनंतर पुन्हा तोच पॅनिक.