रांडाव पुनव

मार्गशीर्ष पौर्णिमेला बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागात आणि तिकडं कोल्हापूर-सांगलीकडंही रांडाव पुनव म्हणतात. कन्नडमध्ये रंडी हुण्णिमे, आणि चारचौघात जरा सांभाळून बोलायचं असलं तर होस्तिल हुण्णिमे. सौंदत्तीच्या डोंगरावरची रेणुका, म्हणजे आपली यल्लम्मा, ह्या दिवशी विधवा होते असं मानतात. देवाचं लग्न दरवर्षी लावणारी देवळं गावोगाव आहेत, पण देवीचं कुंकू दरवर्षी पुसणारं ठिकाण तसं विरळाच. रांडाव हा शब्द ऐकून शहरातली पोरं दचकतात, घरातल्या म्हाताऱ्या मात्र तो अगदी सहज वापरतात, "रांडाव पुनवंला डोंगराला जाऊन आलो" असं (हो, आमच्याकडं बायकासुद्धा आलो-गेलोच म्हणतात).

डोंगर बेळगाव जिल्ह्यातच आहे, सौंदत्ती गावापासून पाचेक किलोमीटरवर, बेळगावहून बैलहोंगलमार्गे जायचं. खाली मलप्रभा, तिच्यावर नविलुतीर्थचं धरण आणि त्या जलाशयाचं नावही रेणुकासागर. सौंदत्ती ही बेळगावच्या आधीची रट्ट राजांची राजधानी, तालुक्याचं जुनं नाव पारसगड. सध्याचं देऊळ रायबागच्या बोमप्पा नायकानं १५१४ साली बांधलं असं सांगतात. डोंगरावर परशुराम, जमदग्नी आणि मातंगी यांचीपण देवळं आहेत. म्हणजे नवरा, मुलगा, जिवाभावाची बाई सगळे जवळच.

कथा बहुतेकांना माहीत असते, पण पुराणातली वेगळी आणि जोगतिणीच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या बाईच्या, तोंडची वेगळी. जमदग्नी ऋषींची बायको रेणुका रोज नदीवर जाऊन ओल्या वाळूचा घडा करायची, नागाची चुंबळ करायची आणि पाणी आणायची, घडा टिकायचा तो तिच्या पातिव्रत्याच्या जोरावर, हे झालं लोकांतलं. एक दिवस नदीत चित्ररथ बायकांबरोबर पाण्यात खेळताना दिसला, हिचं मन क्षणभर हललं. महाभारतात आणि भागवतातपण हा प्रसंग आहे, एका ठिकाणी चित्ररथ राजा आहे, दुसरीकडं गंधर्व. लोककथेत पुढं वाळूचा घडा जमेना आणि नाग निसटून गेला. ती रिकाम्या हातानं आली आणि जमदग्नी भडकले. आईला मारा म्हणून पोरांना सांगितलं, चौघांनी ऐकलं नाही, त्यांना शाप मिळाला. धाकट्या परशुरामानं कुऱ्हाड उचलली, मग बापानं खुश होऊन वर माग म्हटल्यावर आईलाच परत मागून घेतलं. लोककथेत इथं मातंगी येते. परशुरामाच्या कुऱ्हाडीखाली दोघींची डोकी उडाली आणि जोडताना अदलाबदल झाली, म्हणून ब्राह्मणाच्या बायकोचं आणि मातंगिणीचं नातं कायमचं जोडलं गेलं. आणखी एक सांगणं असं की शापानं रेणुकेच्या अंगावर रोग फुटला, ती रानात फिरत राहिली आणि एक्कय्या-जोगय्या या दोन साधूंनी तिला बरं केलं. माझ्या मते यल्लम्मा लोकांची झाली ती ह्या भागामुळं. घरातून हाकललेली, अंगावर रोग घेऊन हिंडणारी बाई खेड्यातल्या माणसाला लगेच कळते. कन्नडमध्ये एल्ला म्हणजे सगळे, म्हणून यल्लम्मा म्हणजे सगळ्यांची आई, असा अर्थ भक्त लावतात.

पुनवेचा संबंध मात्र पुढच्या प्रसंगाशी. सहस्रार्जुन कार्तवीर्यानं आश्रमातली कामधेनू पळवली, त्या भांडणातून शेवटी जमदग्नींचा वध झाला आणि परशुरामानं एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. आता गंमत बघा, कार्तवीर्याला ते हजार हात दिले दत्तात्रेयानं, आणि मार्गशीर्ष पौर्णिमा म्हणजेच दत्तजयंती. एका गल्लीत दत्ताचा पाळणा हलत असतो, सुंठवडा वाटत असतात, आणि त्याच गल्लीतले दोन घरचे लोक डोंगरावर यल्लम्माच्या बांगड्या फुटताना बघत उभे असतात. ह्यात कुणाला काही विसंगत वाटत नाही.

विधीला कंकण विसर्जन म्हणतात. देवीचं कंकण, मंगळसूत्र उतरतं, जोगतिणी आपापल्या बांगड्या फोडतात, कपाळ पुसतात, आणि खरंच घरातलं कुणी गेल्यासारखा हंबरडा फुटतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे नाटक वाटतं, मग शेजारची बाई डोळे पुसताना दिसते आणि आपण गप्प होतो.

देवळात जायच्या आधी जोगुळबावीला अंघोळ आणि सत्यम्माचं दर्शन, हा क्रम पाळतात. पूर्वी इथं अंगाला कडुलिंब गुंडाळून, लिंब नेसून जायची चाल होती, ती आता बंद आहे. मग डोंगर, आणि तिथं "उदं गं आई उदं" आणि "येळु कोळ्ळद यल्लम्मा, उधो उधो" असं दोन्ही भाषांत एकदमच चालतं. येळु कोळ्ळ म्हणजे सात घळी. पाट्या कन्नडमध्ये, ओरडणं मराठीत, सीमेचा वाद डोंगराच्या पायथ्यालाच राहतो. कोल्हापूरकडून खास एसट्या येतात, काही लोक अजून बैलगाडीनं येतात आणि भंडारा एवढा उधळतात की घरी आल्यावर शर्ट तीनदा धुतला तरी कॉलरच्या आत पिवळा राहतो.

मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक होतो आणि परडी भरतात, कन्नडमध्ये पडलगी. वेताच्या परडीत ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, मेथी, वडी, दहीभात, कांद्याची पात, गाजर, घुगऱ्या, आंबील असं सगळं थोडं थोडं ठेवायचं, वर भंडारा, आणि पाच जोगतिणींना बोलवून उदं म्हणायचं. पुरणपोळी करणारे असतात, पण खरा मान आंबील-भाकरीचा. शेतात त्या दिवसांत जे येतं तेच ताटात. घरी परतल्यावर कोल्हापुरात आंबील यात्रा भरते, तोही ह्याच पुनवेचा पुढचा भाग.

जोगती-जोगतिणी डोक्यावर जग, म्हणजे देवीचा मुखवटा किंवा मूर्ती बसवलेली टोपली, घेऊन, चौंडकं आणि तुणतुणं वाजवत देवीची गाणी म्हणतात. ह्यांत पुरुषाचं अंग आणि बाईचा वेश असलेले जोगप्पाही आलेच, त्यांतल्या मंजम्मा जोगतींना २०२१ ची पद्मश्री मिळाली. दुसरी बाजू वाईट आहे आणि ती झाकून लिहिण्यात अर्थ नाही. केसात जट झाली की देवीनं बोलावलं असं समजून पोरींच्या गळ्यात मणी बांधले जायचे, त्या देवाच्या म्हणून सोडल्या जायच्या आणि बऱ्याच जणी पुढं शहरातल्या वेश्यावस्त्यांत पोचायच्या. त्यात बहुतेक घरं दलितांची आणि गरिबांची. १९३४ चा मुंबई इलाख्याचा कायदा होता, कर्नाटकानं १९८२ साली देवदासी सोडायला बंदी घालणारा कायदा केला, निपाणी-गडहिंग्लज पट्ट्यात चळवळीही झाल्या. जट म्हणजे गुंतलेले, न विंचरलेले केस, एवढं साधं सांगायलासुद्धा कार्यकर्त्यांना घरोघरी कात्री घेऊन फिरावं लागलं.

विधवापण माघ पौर्णिमेपर्यंत. त्या दिवशी अहेव पुनव, कन्नडमध्ये भरत हुण्णिमे किंवा मुत्तैदे हुण्णिमे. जमदग्नी परत जिवंत झाले, देवी पुन्हा सवाष्ण. डोंगरावर परत गर्दी, पण आता रडणं नसतं, कासाराच्या टोपल्यांपुढं बायका हात पुढं करून बसलेल्या असतात आणि रांडाव पुनवंला जिनं बांगड्या फोडल्या तीच आता डझनाच्या भावावरून घासाघीस करत हिरवा चुडा भरून घेते.