चार पेनीची खाट

मेरी ॲन निकोल्सच्या खिशात तीनच वस्तू निघाल्या: कंगवा, पांढरा रुमाल आणि आरशाचा फुटका तुकडा. ३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, बक्स रो नावाच्या काळोख्या गल्लीत, कामावर निघालेल्या एका गाडीवानाला तिचं प्रेत दिसलं. ती कोण याचा माग लागला तो परकरावरच्या शिक्क्यावरून. शिक्का लँबेथच्या वर्कहाउसचा होता. निराधारांकडून काम करून घ्यायचं आणि बदल्यात अन्नवस्त्र द्यायचं, अशी ही जागा.

तिला आणि त्यानंतर आणखी काही बायकांना मारणारा, कधीच न सापडलेला खुनी, ज्याला जॅक द रिपर म्हणतात, तो कोण होता यावर आजही डोकेफोड चालते. मला दुसराच प्रश्न छळतो. रात्री तीन वाजता ही बाई रस्त्यावर का होती? त्याचं उत्तर कागदोपत्री आहे. थ्रॉल स्ट्रीटवरच्या लॉजिंग हाउसमध्ये, म्हणजे एका रात्रीपुरती खाट भाड्याने देणाऱ्या घरात, खाटेला चार पेनी पडत. तेवढे तिच्यापाशी नव्हते, म्हणून तिला बाहेर काढलं.

हे आपल्याला कळतं ते कॉरोनरच्या, म्हणजे मृत्यूचं कारण शोधणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीमुळे. संशयास्पद मृत्यू झाला की ज्युरीसमोर उघड चौकशी व्हायची आणि शेजारीपाजारी, गाडीवान, खाटांचं भाडं घेणारे अशा सगळ्यांच्या जबान्या व्हायच्या. वर्तमानपत्रं त्या रकानेच्या रकाने भरून छापत. १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर गेला होता, १८७० च्या कायद्याने शाळा वाढल्या होत्या. स्वस्त पेपर घेणारा वाचक तयार झाला होता. एरवी ज्यांचं बोलणं कुणी लिहून ठेवलं नसतं, त्यांचे शब्द त्यामुळे टिकले.

रिपरची पुढची बळी ॲनी चॅपमन. तिचा खून ८ सप्टेंबरला २९, हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात झाला. त्या एका घरात सतरा माणसं राहत. तळमजल्यावर एक बाई मांजरांना घालायचं मांस विकायची. कुणी ना कुणी अवेळी कामावर जायचं, म्हणून दाराला कुलूप नसे आणि परके लोकही आत येऊन जिन्यात पडून राहत. पोलिसांच्या अंदाजाने तेव्हा व्हाइटचॅपलमध्ये २३३ लॉजिंग हाउस होती आणि त्यांत सुमारे साडेआठ हजार माणसं रात्र काढत. चार्ल्स बूथने याच सुमारास घरोघरची माहिती जमवून लंडनच्या गरिबीचे नकाशे रंगवायला घेतले होते. त्याच्या हिशेबाने पूर्व लंडनचे पस्तीस टक्के लोक दारिद्र्यात होते.

तपास का फसला, तेही या काळाशीच जोडलेलं आहे. डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे सांगणारी चाचणी १९०१ मध्ये आली. बक्स रोच्या जवळच घोडे कापण्याचा कारखाना होता. रक्ताने माखलेला माणूस पहाटे दिसला तरी तिथे कुणी वळून पाहिलं नसतं. बोटांचे ठसे वर्गवार लावण्याची पद्धत पुढे कलकत्त्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या मेहनतीने बसली आणि स्कॉटलंड यार्डाने, म्हणजे लंडनच्या पोलिसांनी, ती १९०१ मध्ये घेतली. १८८८ मध्ये तर शवागाराच्या नावाने एक शेड होती आणि डॉक्टरांच्या तपासणीआधीच तिथल्या माणसांनी निकोल्सच्या अंगावरचे कपडे काढून टाकले होते.

३० सप्टेंबरला गोल्स्टन स्ट्रीटवर, भिंतीवर खडूने लिहिलेला ज्यूंविषयीचा मजकूर सापडला. फोटो काढण्याइतका उजेड होण्याआधीच पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरनने तो पुसायला लावला. रशियातून जीव वाचवून आलेले ज्यू तिथे दाटीने राहत होते आणि दंगल पेटेल याची त्याला धास्ती होती. तपासातला एक संभाव्य धागा गेला, पण त्या वस्तीत द्वेष किती पेटता होता ते त्या घाईतून कळतं.

त्याच रात्री मारल्या गेलेल्या कॅथरिन एडोजचं तर विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर होतं. पोलिसांच्या यादीत चहाचा डबा, साखरेचा डबा, साबणाचे सहा तुकडे, सुया-टाचण्या, चमचा, बारा पांढऱ्या चिंध्या आहेत. मोहरीच्या डब्यात गहाणाच्या दोन पावत्या होत्या. एक बुटांची. ते बूट तिच्या जोडीदाराचे, जॉन केलीचे. ती ते घेऊन दुकानात गेली तेव्हा तो अनवाणी दाराशी उभा होता. अडीच शिलिंग मिळाले. त्यातून चहा, साखर आणि थोडं खायला आणलं. पुढे पेपरात त्या पावत्यांबद्दल वाचून केली पोलिसांकडे आला आणि मेलेली बाई कोण ते कळलं.