तालुक्यापर्यंत न पोचणारी दहा मिलिग्रॅमची गोळी

मॉर्फिन हे अफूपासून तयार होणारं, तीव्र वेदनांवरचं औषध. त्याची साधी गोळी तोंडावाटे घेतली की अर्ध्या तासात दुखणं उतरू लागतं आणि चार तासांनी तिचा जोर संपतो. म्हणून ती घड्याळ लावून द्यायची असते: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्रीची मात्रा दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला रुग्णाला उठवावं लागत नाही. "दुखलं की घ्या" असं सांगितलं तर रुग्ण कळ असह्य होईपर्यंत थांबतो आणि मग तीच मात्रा पुरत नाही. ग्रामीण भागात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरा न होणारा आजार असलेल्या माणसाचा त्रास कमी करणारे उपचार, नेमके कुठे अडतात हे समजून घ्यायचं तर या चार तासांच्या हिशेबापासूनच सुरुवात करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा उपचारांची गरज असते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांपर्यंत ते पोचतात. यात कर्करोगाचे रुग्ण आहेत, तसेच पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, हृदय आणि मूत्रपिंड निकामी झालेले, चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसं गेलेले, पाठीचा कणा मोडलेले आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेली मुलंही आहेत. तरी मॉर्फिनचा प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो कर्करोगात, म्हणून आधी तोच पाहू.

एका तालुक्याचा हिशेब मांडू. समजा, तालुक्यात वर्षाला कर्करोगाने शंभर मृत्यू होतात. आंतरराष्ट्रीय अंदाजांत वापरलं जाणारं गृहीतक असं, की यातल्या सुमारे ८० जणांना शेवटच्या साधारण ९० दिवसांत मध्यम ते तीव्र वेदना होतात आणि त्यांना दिवसाला सरासरी ६७.५ मिलिग्रॅम मॉर्फिन लागतं. गुणाकार केला तर वर्षाला अर्ध्या किलोच्या आतबाहेर औषध होतं, म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या ४८ ते ४९ हजार गोळ्या. कोणत्याही एका दिवशी तालुक्यात वीसेक रुग्ण या औषधावर असायला हवेत. गोळी काही रुपयांची आहे. वीस रुग्ण सांभाळणं एका ग्रामीण रुग्णालयाला झेपणार नाही असंही नाही. तरीही बहुतेक तालुक्यांत ही गोळी एकही नसते.

कच्च्या मालाचा तुटवडा हे कारण नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. गाठ पडली ती १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने. अमली पदार्थांच्या तस्करीला आळा घालण्यासाठी आखलेल्या त्या कायद्यात दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती आणि मॉर्फिन बाळगायला निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने लागत. एकाची मुदत संपली की बाकीचे निरुपयोगी. औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि पुढच्या दशकभरात देशातला त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. वैद्यकीय शाखेच्या पिढ्याच्या पिढ्या मॉर्फिनची गोळी हातात न धरता डॉक्टर झाल्या. हे नुकसान कायदा बदलूनही लगेच भरून येत नाही.

कायदा बदलला २०१४ मध्ये. मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरवून त्यांचे नियम केंद्राने आपल्याकडे घेतले. २०१५ मध्ये देशभर सारखी नियमावली आली. आता रुग्णालयाला 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून एकच मान्यता लागते आणि ती राज्याचे औषध नियंत्रक, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, देतात. वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर, कुलूपबंद साठा, रोजची नोंदवही आणि वर्षभराच्या गरजेचा आगाऊ अंदाज, एवढी तयारी असावी लागते. कागदावर हे सोपं आहे.

प्रत्यक्षात साखळी तुटते ती अगदी साध्या ठिकाणी. प्रशिक्षित डॉक्टर बदलून जातो आणि मान्यता असूनही चिठ्ठी लिहिणारं कुणी उरत नाही. पहिल्या वर्षी भीतभीत कमी अंदाज पाठवला जातो, साठा सहा महिन्यांत संपतो. खप कमी म्हणून पुरवठादार लहान ऑर्डर घेऊन तालुक्याला यायला तयार नसतो. कपाटाची किल्ली एकट्या औषधनिर्मात्याकडे असते आणि तो रजेवर असतो. यावर उपाय खर्चिक नाहीत: एकाऐवजी दोन डॉक्टर प्रशिक्षित करायचे, किल्लीचा दुसरा जबाबदार माणूस लेखी नेमायचा आणि दीड महिन्याचा साठा उरला की लगेच पुढची मागणी लावायची. मॉर्फिन अचानक संपलं तर नुसतं दुखणं परतत नाही. काही आठवडे ते घेणाऱ्या शरीराला घाम, जुलाब, नाक गळणं, तळमळ असा वेगळाच त्रास सुरू होतो, आणि घरच्यांना वाटतं, हेच ते व्यसन.

मॉर्फिन नसलं की त्याची जागा दुसरी औषधं घेतात. ट्रॅमाडॉलला कमाल मर्यादा आहे, दिवसाला ४०० मिलिग्रॅम. त्यापुढे आराम वाढत नाही, फिट (आकडी) येण्याचा धोका मात्र वाढतो. गावातला डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतो. ते तात्पुरतं लागू पडतं, पण आठवडेच्या आठवडे देत राहिलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडं बिघडतात. असा रुग्ण पुढे कधी मॉर्फिनपर्यंत पोचला, तर बिघडलेल्या मूत्रपिंडांमुळे मॉर्फिनचे घटक रक्तात साचतात. गुंगी, भास, अंगाला हिसके सुरू होतात आणि दोष मॉर्फिनवर येतो. अशा वेळी मात्रा कमी करावी लागते, दोन मात्रांमधलं अंतर वाढवावं लागतं.

सुरुवातीची मात्रा बहुधा ५ ते १० मिलिग्रॅम असते. वृद्ध किंवा खंगलेल्या रुग्णाला २.५ ते ५. ती डॉक्टरच ठरवतात आणि वाढवतात. मध्येच कळ आली तर दिवसभराच्या एकूण मात्रेचा साधारण सहावा भाग जादा द्यायचा. पहिले तीन-चार दिवस मळमळते, त्यासाठी मेटोक्लोप्रमाइडसारखं औषध सोबत देतात; पुढे ती थांबते. बद्धकोष्ठ मात्र थांबत नाही. जितके दिवस मॉर्फिन तितके दिवस रेचक, हा नियम चिठ्ठीवर ठळक लिहायला हवा. रेचक लिहायचं राहून गेलं तर आठवड्याने पोट फुगलेला रुग्ण गोळ्याच बंद करतो आणि सांगतो, "मला ते औषध सोसत नाही." गावागावांत मॉर्फिन बदनाम होण्याचं हे फार मोठं कारण आहे, आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे. व्यसनाची भीती त्यामानाने समजावता येते: दुखण्याच्या मापाने, तोंडावाटे आणि वेळेवर दिलेल्या मॉर्फिनची चटक लागणं दुर्मिळ आहे.

महाराष्ट्रात तंबाखू, मिश्री, खर्ऱ्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. त्यांचं तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, नाकातून नळी असते. साधी गोळी बारीक करून पाण्यातून नळीवाटे देता येते. नंतर थोडं साधं पाणी सोडून नळी धुवायची. पण बारा तास हळूहळू विरघळणारी मॉर्फिनची गोळी कधीही कुटायची नाही, कारण बारा तासांची मात्रा एकदम रक्तात जाते आणि श्वास मंदावू शकतो. दोन्ही गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात, त्यामुळे औषध देणाऱ्याने हे तोंडी सांगायचं आणि पाकिटावर लिहायचंही.

याच रुग्णांच्या गालावरच्या किंवा मानेवरच्या जखमेला जी दुर्गंधी येते, तिने माणूस घरात असूनही एकटा पडतो. त्याचं ताट वेगळं होतं, खाट पडवीत जाते. ही दुर्गंधी मृत पेशींत प्राणवायूविना वाढणाऱ्या जिवाणूंची असते आणि तिच्यावर उपाय स्वस्त आहे. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड धुतलेल्या जखमेवर भुरभुरायची. काही दिवसांत वास स्पष्ट कमी होतो. जखम धुवायला अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट एक चहाचा चमचा मीठ पुरतं. ड्रेसिंगसाठी धुतलेलं जुनं सुती लुगडं किंवा धोतर चौकोनी कापून, फडक्यात गुंडाळून, कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवायचं. चिकटलेलं ड्रेसिंग ओढून काढायचं नाही, मीठपाण्याने भिजवून सोडवायचं. नाहीतर रक्तस्राव होतो. रक्त येण्याचा धोका असेल तर उशाशी गडद रंगाचं जाड कापड ठेवावं. लाल डाग पांढऱ्या कापडावर फार भयंकर दिसतात आणि रुग्ण घाबरतो. अळ्या पडल्या तर परिचारिका टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली गॉज जखमेच्या कडेला धरते आणि बाहेर येणाऱ्या अळ्या चिमट्याने काढते. टर्पेंटाइन जखमेत ओतायचं नसतं. हे सगळं घरच्यांना एका बैठकीत शिकवता येतं, पण दुसऱ्या भेटीत त्यांच्याकडून करून घेऊन बघावं लागतं.

ही दुसरी भेट कोण देणार, इथे गाडं अडतं. नियमांप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्र ३० हजार लोकसंख्येला, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांना. आशा कार्यकर्ती साधारण हजार लोकांमागे एक. म्हणजे कोणत्या घरात कोण अंथरुणाला आहे हे आशाताईला ठाऊक असतं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामांच्या यादीतही पॅलिएटिव्ह केअर आहे. मात्र मॉर्फिनची चिठ्ठी फक्त डॉक्टरच लिहू शकतो. अक्कलकुवा किंवा धारणीच्या पाड्यावरून नातेवाइकाने दर पंधरवड्याला एसटीने जिल्ह्याला जायचं, एक दिवसाची मजुरी बुडवायची आणि खिडकी बंद असेल तर रिकाम्या हाताने परतायचं. दिवसाला सहा गोळ्या धरल्या तर पंधरा दिवसांच्या ९० होतात, वर तातडीसाठी काही जादा. रुग्णाची मात्रा स्थिर झाली की महिन्याभराचं औषध द्यावं आणि मधल्या काळात परिचारिकेने भेट किंवा फोन करावा, एवढ्याने बराच फरक पडतो.

युगांडाने याहून पुढचं पाऊल टाकलं. तिथे १९९३ पासून मॉर्फिनची पूड पाण्यात विरघळवून द्रावण तयार करतात. तीव्रतेनुसार त्याचा रंग वेगळा ठेवतात, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही बाटली ओळखता येते. २००४ मध्ये त्यांनी कायदा करून खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहिण्याचा अधिकार दिला. केरळची वाट निराळी. १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेल्या कामातून स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, २००८ मध्ये राज्याने धोरण केलं आणि पंचायतींनी घरभेट देणाऱ्या परिचारिकांचा खर्च उचलला. आपल्या ग्रामपंचायतींना आणि जिल्हा परिषदांना केरळची रीत जास्त जवळची आहे. पण ती इथे राबवायची तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागेल: केरळात गावं सलग लागून आहेत, गडचिरोलीत नाहीत. तिथे गाडी आणि डिझेल हा औषधाइतकाच मोठा खर्च आहे.

घड्याळाचं वेळापत्रक पाळणारं माणूसही घरात लागतं. बीड आणि आसपासच्या भागातलं कुटुंब दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलं की घरी म्हातारी आणि शाळकरी नात उरते. अशा घरात गोळ्यांच्या पुड्या वेळेनुसार वेगळ्या बांधून, प्रत्येकीवर उगवता सूर्य, चढता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य, चंद्र अशी चित्रं काढून द्यावी लागतात. शक्य तिथे बारा तासांची गोळी वापरावी, म्हणजे दिवसातून दोनदाच द्यावी लागते.

शेवटच्या दिवसांत गिळणं थांबतं. तेव्हा औषध कातडीखाली बारीक सुई ठेवून देता येतं. तोंडावाटेच्या मात्रेच्या निम्मी ते एक तृतीयांश मात्रा पुरते. याच सुमारास नातेवाईक "निदान सलाईन तरी लावा" असा आग्रह धरतात. त्यांची माया खरी असते, पण विझत चाललेल्या शरीराला ते पाणी पेलत नाही. ते पायांत आणि फुप्फुसांत साचतं, घशात घरघर वाढते. ओल्या कापसाने तोंड आणि ओठ वारंवार ओले ठेवणं जास्त उपयोगी. हे सांगायची वेळ मात्र त्या रात्रीची नसते. आजाराचं खरं स्वरूप रुग्णापासून आणि निम्म्या घरापासून लपवलेलं असेल, तर कुणालाच काही ठरवता येत नाही. भीतीपोटी रात्री अकराला जीप करून जिल्ह्याला नेतात आणि वाटेत चार तासांची गोळी चुकते. म्हणून पहिल्या एक-दोन भेटींतच विचारून ठेवावं: त्यांना काय ठाऊक आहे, आणखी किती जाणून घ्यायचं आहे, शेवटी कुठे राहायचं आहे, रात्री कुणाला फोन करायचा. उत्तरं रुग्णाच्या वहीत लिहावीत. त्याच वहीत शिल्लक गोळ्यांची नोंद ठेवावी आणि मृत्यूनंतर उरलेल्या गोळ्या केंद्रावर परत करून सही घ्यावी, म्हणजे हिशेब जुळतो आणि पुढच्या रुग्णासाठी चिठ्ठी लिहिताना डॉक्टरचा हात अडखळत नाही.